शिबिराला न येणारी माणसे: सत्तरी-सांगेच्या वाड्यांवर आरोग्याचा अभ्यास करायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सामुदायिक आरोग्यशास्त्रात पीजी करता. गोव्यातल्या सत्तरी आणि सांगे तालुक्यांतल्या आडवळणाच्या वाड्यांवर (वस्त्यांवर) रक्तदाब आणि हिमोग्लोबिनचा अभ्यास करायचा आहे. दोन ठिकाणी शिबिर लावून पाहिले. माणसे कमी आली, आलेल्यांत म्हातारी माणसेच जास्त आणि रक्त द्यायला कोणी पुढे होईना. म्हणून विचारता, की लोकांचा विश्वास कसा मिळवायचा आणि सॅम्पल, म्हणजे अभ्यासाला माणसे, किती घ्यायची.

विश्वासाचा प्रश्न खरा आहे, पण तो दुसरा. पहिली अडचण शिबिर हीच आहे. शिबिर ही सेवेची पद्धत आहे, मोजमापाची नव्हे. सकाळी दहाला देवळाच्या मंडपात टेबल मांडले, की ज्याला काही दुखते तो येतो आणि जो दिवसा घरी असतो तो येतो. वेर्णा किंवा म्हापशाच्या कारखान्यात पाळीला जाणारा तिशीतला माणूस येत नाही, काजूच्या भाटात (बागेत) गेलेली बाई येत नाही. मग रक्तदाबाचे प्रमाण फुगलेले दिसते आणि ज्या वयात तो पकडायला हवा, त्या वयाचे आकडेच हाती लागत नाहीत. जे आले नाहीत ते कोण होते, हे सांगता येत नसेल, तर जे आले त्यांच्यावरून वाड्याविषयी काहीच बोलता येत नाही. तेव्हा शिबिर सोडा आणि घरोघरी जा.

घरोघरी जायचे म्हणजे आधी यादी हवी, आणि खरी मेहनत तिथेच आहे. मतदारयादीवर विसंबू नका. तिच्यात लग्न होऊन गेलेल्या मुली असतात, डिचोलीला बिऱ्हाड केलेली माणसे असतात. धनगरवाड्यावरची काही घरे मात्र नसतात. अंगणवाडीची कुटुंब नोंदवही त्यापेक्षा बरी. तरीही एक दिवस सेविकेबरोबर चालत जाऊन प्रत्येक दार स्वतः मोजावे. पंचायतीचा घर क्रमांक लिहावा, बंद घरही लिहावे आणि ते का बंद आहे तेही. माणसे कामावर गेलेली, कायमची बाहेर राहणारी आणि फक्त चवथीला (गणेशचतुर्थीला) येणारी, असे तीन वेगळे प्रकार आहेत. त्यांतले पहिले तुमच्या अभ्यासात मोडते, उरलेली दोन मोडत नाहीत. काजू-सुपारीच्या बागायतीत खोली घेऊन राहणारे परराज्यातले मजूर धरायचे की नाहीत, हेही यादी करतानाच ठरवा. नंतर ठरवलेत, तर आकड्यांकडे पाहून ठरवल्यासारखे होते. घरात एकच माणूस निवडायचा असेल, तर ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे होऊन गेला तो, ही रीत सोपी आहे. जो समोर बसला आहे तो, ही रीत नव्हे.

आता सॅम्पल. तुमच्या आराखड्यात ३८४ असणार, बहुतेकांच्या असतो. प्रमाण ५० टक्के आणि चूक ५ टक्के धरली की तो आकडा येतो, पण तो यदृच्छेने एकेक माणूस निवडल्यावरचा आहे. तुम्ही वाडेच्या वाडे निवडणार. एका वाड्यातली माणसे एकाच विहिरीचे पाणी पितात, बरीचशी एकमेकांची नातेवाईक असतात, एकसारखे जेवतात. म्हणून एकाच वाड्यातला विसावा माणूस फारशी नवी माहिती देत नाही. त्याची भरपाई अशी काढतात: एका वाड्यातून घेतलेल्या माणसांतून एक वजा करा, त्याला वाड्यांतर्गत साम्याच्या गुणांकाने (एका वाड्यातली माणसे एकमेकांसारखी किती, हे सांगणारा आकडा) गुणा आणि त्यात एक मिळवा. गुणांक ०.०५ मानला, तर वाड्यामागे २० माणसांना भरपाई १.९५ येते. ३८४ चे ७४९ होतात, दहा टक्के नकार धरले की ८३२, म्हणजे ४२ वाडे. वाड्यामागे १० च माणसे घेतली, तर भरपाई १.४५ येते आणि ६१९ माणसे, ६२ वाडे पुरतात. दोघांची एक तुकडी विखुरलेल्या घरांत दिवसाला साधारण दहा माणसे करते, असे धरून चला. पहिल्या रीतीत ८४ दिवस जातात, दुसरीत ६२. गंमत अशी, की वाडे वाढले तरी दिवस घटले. पेट्रोल आणि ओळखपाळख मात्र वाढते.

एवढे पीजीच्या मुदतीत झेपत नसेल, तर चूक ५ ऐवजी ६ टक्के धरा. मग ४३० माणसे आणि ४३ वाडे होतात. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. ३८४ लिहून भरपाईचा उल्लेखच गाळणे, हा नाही. हे सगळे दोन्ही तालुक्यांच्या एकत्रित आकड्यासाठी झाले. सत्तरी आणि सांगे वेगवेगळे दाखवायचे असतील, तर जवळजवळ दुप्पट लागेल. तो मोह टाळलेला बरा.

परवानग्यांचा क्रम चुकला की महिना जातो. आधी तुमच्या संस्थेची नीतिसमिती. तिच्यापुढे जाताना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नीतितत्त्वे हाताशी ठेवा, प्रश्न बहुधा त्यांतूनच येतात. मग आरोग्य संचालनालय, मग त्या-त्या पीएचसीचा (प्राथमिक आरोग्यकेंद्राचा) वैद्यकीय अधिकारी. अंगणवाडीची खोली किंवा सेविकेचा वेळ हवा असेल, तर महिला आणि बालविकास खात्याचे वेगळे पत्र. म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्याच्या हद्दीतले वाडे असतील, तर वनखात्याला आधी कळवलेले बरे. नाहीतर नाक्यावर गाडी अडून सकाळ वाया जाते. सरपंचाला पत्र द्याच, पण शक्य असेल तर ग्रामसभेत दहा मिनिटे मागा. सांगे, केपे, काणकोणकडच्या वेळीप-गावड्यांच्या वाड्यांवर पंचापेक्षा मांडावरच्या (गावाच्या विधी-उत्सवांच्या जागेवरच्या) जाणत्या गांवकराचा शब्द जड असतो. त्याला भेटल्याशिवाय दारे उघडत नाहीत. मात्र त्याचा होकार हा दारापर्यंतचा होकार आहे. सुनेने नको म्हटले, तर नको. गांवकराने सांगितले आहे ना, असे तिला म्हणणे म्हणजे संमती घेणे नव्हे, दडपण आणणे होय.

संमतीपत्राच्या भाषेत पुष्कळजण फसतात. सत्तरीत बोलणे कोंकणीत, पण पन्नाशीच्या आसपासची शिकलेली माणसे वाचतात मराठी, कारण त्यांची शाळा मराठी. केपे-सांगेतल्या ख्रिस्ती घरांत रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी वाचणारे भेटतील. म्हणून कागद दोन्ही रीतींचे न्या आणि वाचून दाखवताना मात्र घरातल्या बोलीतच बोला. छापील मराठीतला ‘संशोधन’ हा शब्द कानावर पडला, की कोणाला सरकारी सर्व्हे वाटतो, कोणाला फुकट तपासणी. साधे वाक्य तयार ठेवा: ‘आमी हांगा वखद दिवपाक येवंक नात, प्रेशर आनी रगत तपासून बरोवन व्हरतले. नाका म्हणल्यार चलता.’ (आम्ही इथे औषध द्यायला आलेलो नाही, प्रेशर आणि रक्त तपासून लिहून नेणार. नको म्हटले तरी चालते.) ‘उच्च रक्तदाब’ आणि ‘रक्तक्षय’ हे शब्द कागदावरच राहू द्या. तिथे ‘प्रेशर’ चालतो आणि ‘रगत उणें जालां’ चालते. सांगून झाल्यावर उलट विचारा, की शेजारणीने विचारले तर तुम्ही काय सांगाल. ‘डॉक्टर गोळ्या देऊन गेले’ असे उत्तर आले, तर सही असूनही संमती झालेली नाही, पुन्हा समजावा. अंगठा असेल, तर साक्षीदार तुमच्या तुकडीबाहेरचा हवा.

रक्ताच्या नकाराकडे वळू. सुईची भीती हे त्याचे एक कारण, पण मोठे कारण बहुधा वेगळे असते: पूर्वी कोणीतरी रक्त नेले आणि पुढे काय झाले ते कोणी सांगितले नाही. सत्तरीत याला आणखी एक पदर आहे. २०१५ साली पाळी गावात माकडतापाचे रुग्ण आढळले. गोचिडीतून पसरणारा हा आजार १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. गोव्यात तो नेमका काजूच्या मोसमात, रानात जाणाऱ्यांना गाठतो. त्या भागात कोणी नळी घेऊन आले, की ‘परत ताप आला काय?’ हा प्रश्न येणारच. रक्त कशासाठी, किती, कुठे जाणार आणि उरले तर त्याचे काय होणार, या चार गोष्टी न विचारता सांगा. उरलेले रक्त पुढच्या अभ्यासाला साठवायचे असेल, तर त्याची वेगळी संमती लागते. नसेल, तर ‘उरलेले नष्ट करणार’ असे स्पष्ट लिहा. त्या एका ओळीने बरेच नकार कमी होतात.

बोटातून की शिरेतून? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात शिरेतले रक्त आणि स्वयंचलित यंत्र यांनाच पसंती आहे. शिरेतून घेतलेत, तर ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळ्या टोपीची नळी, आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची, जोरात हलवायची नाही. शीतपेटीत बर्फाला थेट टेकू द्यायची नाही, नाहीतर पेशी फुटतात. त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचली तर उत्तम. सुर्ल किंवा साट्रेसारख्या ठिकाणाहून बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे, तर रक्त घेणे दुपारी बारालाच थांबवावे लागते. दिवसाचे गणित त्यावर बसवा. हे जमत नसेल तर बोटातून घ्या, पण शिस्तीने. बोट मधले किंवा अनामिका, हात कोमट, टोचणे बोटाच्या कडेला, पहिले दोन थेंब पुसून तिसरा घ्यायचा. बोट पिळायचे नाही. पिळले की ऊतकांतले पाणी मिसळते आणि हिमोग्लोबिन खोटेच कमी दिसते. शेतात-बागायतीत राबणाऱ्यांची बोटे घट्ट असतात, लहान मुलांची लॅन्सेट चालत नाही, आणि थेंब येईना म्हणून हात आपोआप पिळायला जातो. कमी हिमोग्लोबिनच्या अर्ध्या बातम्या अशाच जन्माला येत असाव्यात, असा माझा संशय आहे. क्युवेटच्या (रक्ताचा थेंब घ्यायच्या चपट्या पात्राच्या) आत कोरडे रसायन असणारे यंत्र असेल, तर गोव्याची दमट हवा त्या क्युवेटचा नाश करते. डबी उघडल्याची तारीख वर लिहा, तीन महिन्यांनंतर वापरू नका, आणि क्युवेट काढल्यावर झाकण लगेच लावा.

हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, असे लिहू नका. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) केले नसेल, तर ‘रक्ताल्पता’ इतकेच म्हणा.

रक्तदाबात यंत्राच्या चुका थोड्या, माणसाच्या जास्त. घरात शिरताच चहा येतो. तो घ्या, पण मोजून झाल्यावर. ज्याचे मोजायचे त्यानेही आधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू काही घेतलेले नसावे. पाच मिनिटे गप्प बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला. बऱ्याच घरांत पाठीची खुर्ची नसते, सोपो असतो किंवा पाट. घडीची एक खुर्ची गाडीत ठेवा. एवढ्या किरकोळ गोष्टीने आकडे हलतात. तीन वेळा मोजा, मध्ये एकेक मिनिट थांबा, पहिला आकडा सोडून पुढच्या दोघांची सरासरी धरा. दोन मापांचे पट्टे हवेतच. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, की दाब जास्त दिसतो. दर पंधरवड्याला यंत्र पीएचसीतल्या तपासलेल्या यंत्राशी ताडून पाहा आणि तेही वहीत लिहा. ऋतूचाही परिणाम असतो, थंडीत दाब थोडा चढा आणि उन्हाळ्यात उतरता. सत्तरी डिसेंबरात आणि सांगे मेमध्ये केलेत, तर तालुक्यांतला फरक दिसेल तो हवेचा. दर आठवड्याला दोन्हीकडे थोडेथोडे काम करा.

प्रश्नावलीत दोन जागा गोव्यासाठी मुद्दाम बदलाव्या लागतात. एक मीठ. ‘जेवणात वरून मीठ घेता का?’ याला सगळे नाही म्हणतात आणि ते खरेही असते. मीठ येते ते पेजेबरोबरच्या लोणच्यातून, सुक्या मासळीतून, खारवलेल्या आंब्यातून. तेच नाव घेऊन विचारा. दुसरी दारू. ‘आठवड्यात किती ड्रिंक?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण फेणी आणि हुर्राक (काजूची सौम्य दारू) एकच पेला वापरून पितात. दहा ग्रॅम मद्यार्क हे एक माप धरले, तर ४२ टक्क्यांची फेणी साधारण ३० मिली आणि १५ टक्क्यांचा हुर्राक साधारण ८५ मिली होतो, जवळजवळ तिप्पट. हुर्राक मार्च ते मे मिळतो. बाकीचे वर्ष प्रश्नच वेगळा. खुणा केलेला एक पेला बरोबर न्या आणि त्यात पाणी ओतून दाखवायला सांगा. हा प्रश्न सासूसमोर सुनेला आणि बायकोसमोर नवऱ्याला विचारू नका.

त्यावरून माहिती गोळा करणारे कोण असावेत, हा मुद्दा. इतर राज्यांतले संशोधक आशासेविकांवर विसंबतात. इथे तुमचा आधार उपकेंद्राची परिचारिका, बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून काम होते का, ही शंका गोव्यापुरती तरी जुनी झाली. नैराश्य आणि चिंतेवरचा ‘मानस’ हा मोठा अभ्यास गोव्यातच झाला, २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात अशाच समुपदेशकांचा उपयोग सरकारी आरोग्यकेंद्रांत दिसला, खाजगी दवाखान्यांत दिसला नाही. तेव्हा स्थानिक माणूस घ्या, पण त्याच वाड्यातला घेऊ नका. त्याच वाड्यातली मुलगी घरे बिनचूक ओळखते, पण तिला कोणी आपली दारू सांगत नाही, आणि जे सांगितले ते विहिरीवर पोचेल ही धास्ती राहते. शेजारच्या पंचायतीतली, पण तीच बोली बोलणारी, हा मध्यम मार्ग बरा. अंगणवाडी सेविकेला वाट दाखवायला घ्या, उत्तरे लिहायला नाही. तिच्या वेळेचे मानधन मात्र द्या.

फॉर्म मोबाईलवर घेणार असाल, तर नेटवर्कशिवाय चालणारे ओडीके किंवा कोबो वापरा. करंझोळच्या बाजूला नेटवर्क मिळेलच असे धरू नका. नाव-पत्ता एका फाईलमध्ये, मोजमापे दुसरीत, दोन्हींना जोडणारा क्रमांक तुमच्याकडे कुलपात. अहवालात वाड्याचे नाव छापू नका. तीस घरांच्या वाड्यात ‘४५ वर्षांची, मधुमेह असलेली, विधवा’ एवढे लिहिले, तरी सगळ्यांना कळते कोण ते.

आता मी ज्याला सर्वांत जास्त वजन देतो ती गोष्ट. पहिले दार ठोठावण्याआधी, ज्याचे काही सापडेल त्याला कुठे पाठवायचे, हे लेखी ठरलेले हवे. दाब १८०/१२० किंवा वर आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे असे काही असेल, तर १०८ ला तिथूनच फोन, अभ्यास नंतर. त्रास काही नसेल, तरी त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायचे. हिमोग्लोबिन (ग्रॅम प्रति डेसिलिटर) गरोदर बाईचे ७ च्या खाली, इतर प्रौढांचे ८ च्या खाली, तर पाठवायला थांबायचे नाही. पीएचसीत दाबाच्या आणि लोहाच्या गोळ्यांचा साठा किती आहे, हे आधी विचारा. चाळीस नवे रुग्ण एका महिन्यात पाठवून साठा संपवलात, तर पुढच्या वर्षी तिथे कोणालाच दार उघडणार नाही. आणि चिठ्ठी देताना बस पाहा. ज्या दिवशी ओपीडी आणि कदंबची परतीची गाडी दोन्ही जमतात, तोच वार चिठ्ठीवर लिहा. दिवसाची मजुरी बुडवून वाळपईला जाणे हा खर्च आहे. पाठवलेल्यांचा येण्या-जाण्याचा खर्च अभ्यासाच्या पैशांतून देता आला, तर चिठ्ठी नुसता कागद राहत नाही. सहभागासाठी मोठी रक्कम देऊ नका, ती घरातल्या गरजूला नाही म्हणू देत नाही.

ज्यांचे सगळे ठीक निघाले त्यांनाही आकडे लिहून द्या, मोजले त्याच वेळी, मोठ्या अक्षरात, मराठीत. शिरेतल्या रक्ताचा निकाल चौदा दिवसांत घरी पोचला पाहिजे. पोस्टाने नव्हे, माणसाने. या दुसऱ्या फेरीत पहिल्या वेळी नको म्हणालेली दोन-चार घरे स्वतःहून बोलावतात. त्यांना मोजा, पण त्यांची नोंद ‘उशिरा होकार’ म्हणून वेगळी ठेवा. ती पहिल्यांपेक्षा वेगळी निघतात का, हे पाहण्यासारखे असते. नकार देणाऱ्यांचेही वय, लिंग आणि कारण, एवढे तीन रकाने भराच. बंद घराला किमान तीन खेपा, त्यांतली एक रविवारी आणि एक संध्याकाळी सहानंतर.

राहिले वेळापत्रक. काळाच्या बाबतीत दोन्ही तालुके हट्टी आहेत. नीतिसमितीला अर्ज मे-जूनमध्ये टाका. पावसाळा भाषांतर, प्रशिक्षण आणि पीएचसीच्या जवळच्या एखाद्या वाड्यावर तीस माणसांची चाचणी घेण्यात जाऊ द्या. ती तीस मुख्य सॅम्पलमध्ये धरू नका. चवथीच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ दिवस कोणाकडे जाऊ नये. दसऱ्यानंतर घरांची यादी. मोजमाप नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यात प्रत्येक गावच्या जत्रेची तारीख परिचारिकेला विचारून वगळा, ख्रिस्ती वाड्यांवर नाताळाचा आठवडा सोडा. ६२ दिवसांचे काम या तीन महिन्यांत बसते, पण जेमतेम, म्हणून दुसरी तुकडी मिळाली तर नाही म्हणू नका. निकाल देण्याची फेरी फेब्रुवारी संपायच्या आत उरका. मार्चला शिगमो (शिमगा) आणि काजू एकदमच येतात. मग दिवसा घराला कडी असते आणि संध्याकाळी माणसे भट्टीवर किंवा मांडावर.